कुलूपबंद विज्ञानकिटांबद्दल शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: ऊर्जा आणि जैव-अभियांत्रिकी शिकवणारी वर्गकिटं डेडस्टॉकमधून बाहेर काढण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत मी १९ वर्षं विज्ञान शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत एक लोखंडी कपाट आहे. त्यात हाताने फिरवायचं जनित्र, छोटी पवनचक्की, सौरपट्ट्या, बटाट्यावर चालणारं घड्याळ आणि हृदयाचं एक उघडझाप होणारं मॉडेल अशी किटं आहेत. प्रयोगशाळेचा ताबा माझ्याकडे आला त्या दिवशी निवृत्त होणाऱ्या बाईंनी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची मालमत्ता-नोंदवही, समोर ठेवून एकेक वस्तू मोजून दिली आणि कळकळीने सांगितलं, "सांभाळ गं. काही कमी भरलं तर तुझ्याकडून वसूल करतील." मी सही केली, किल्ली घेतली आणि पुढची तीन वर्षं ते कपाट फक्त तपासणीच्या दिवशी उघडलं. वस्तू शाबूत होत्या, शेराही चांगला मिळाला. त्या तीन वर्षांतल्या मुलांची मी आजही मनातून माफी मागते.

कुलूप उघडलं ते एका मुलीच्या प्रश्नामुळे. दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पाचवा धडा, 'हरित ऊर्जेच्या दिशेने', चालू होता. कोळसा, पाणी, वारा, काहीही असो, शेवटी टर्बाइन फिरतं आणि त्याला जोडलेलं जनित्र फिरतं, हे मी फळ्यावर बाण काढून समजावत होते. मागच्या बाकावरून तिने विचारलं, "बाई, ते चाक एकदा फिरायला लागलं की फिरतच राहील ना? मग सारखा कोळसा कशाला लागतो?" मी चुंबकीय क्षेत्र, प्रवर्तित धारा, लेन्झचा नियम असं रीतसर उत्तर दिलं. तिने ते वहीत उतरवून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला काहीही कळलेलं नाही. उत्तर तर कपाटात पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी जनित्र बाहेर काढलं. मुठीएवढी मोटर, तिला दातेरी चाकं आणि एक हँडल, एवढंच ते यंत्र. किटाबरोबर एलईडी आले होते. मुलीने हँडल फिरवलं, एलईडी लागला, वर्गाने टाळ्या वाजवल्या. पण तिचा प्रश्न तिथेच राहिला, कारण एलईडी इतकी कमी वीज घेतो की जोडला काय आणि काढला काय, हाताला फरक लागत नाही. मग मी घरून जुन्या टॉर्चचे तारेचे बल्ब आणले. पहिला जोडला, हँडल जड झालं. दुसरा, तिसरा जोडला तसं तिचं मनगट वाकायला लागलं, वेग उतरला, बल्ब मंदावले. मी मध्येच सगळ्या तारा काढल्या तर हँडल भर्रकन सुटलं आणि ती जवळजवळ पुढे पडली. मग थांबून म्हणाली, "बाई, म्हणजे बल्ब मला मागे ढकलतोय." लेन्झचा नियम म्हणजे हेच: तयार होणारी धारा तिला जन्म देणाऱ्या हालचालीलाच विरोध करते. तो मी तोवर सोळा वेळा शिकवला होता. माझ्या कुठल्याही वाक्यापेक्षा तिचं वाक्य नेमकं होतं.

त्या आठवड्यात ५६ मुलांनी एकेक करून ते हँडल फिरवलं. चार तासिका गेल्या. अभ्यासक्रम मागे पडला आणि मला त्याबद्दल समजही मिळाली. पण त्याच आठवड्यात १२ ऑक्टोबर २०२० हा दिवस मुलांना समजला. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. कळवा आणि पडघा इथल्या उपकेंद्रांना जोडणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या होत्या. संपूर्ण राज्यात किती वीज तयार होते आणि किती वापरली जाते याचा क्षणाक्षणाचा मेळ राखणारं राज्य भार प्रेषण केंद्र आमच्या शाळेपासून चार स्टेशनांच्या आत, ऐरोलीला आहे. मागणी अचानक वाढली की राज्यातली सगळी जनित्रं किंचित जड होतात, विजेच्या वारंवारतेचा ५० हर्ट्झचा आकडा किंचित घसरतो आणि कुठेतरी जास्त वाफ किंवा जास्त पाणी सोडावं लागतं. हे मी सांगितलं तेव्हा कुणी वहीत लिहिलं नाही. ज्यांनी हँडल फिरवलं होतं ते नुसते मान हलवत होते.

मग हिशेब केला. घरच्या बिलावर जो १ युनिट लिहिलेला असतो तो ३६ लाख ज्यूलचा. पाच किलोचं दप्तर जमिनीवरून एक मीटर उचलायला साधारण ५० ज्यूल लागतात. म्हणजे एका युनिटसाठी दप्तर ७२ हजार वेळा उचलायचं. हे ऐकून एका मुलाने घरी जाऊन रिकाम्या खोलीतला पंखा बंद केला, असं त्याच्या आईने मला पालकसभेत सांगितलं. वीज वाचवा असे फलक आमच्या भिंतींवर वर्षानुवर्षं रंगवलेले आहेत.

महोदय, आता दुसरा प्रसंग. यात किट चुकीचं असलं तर काय होतं ते दिसतं.

बटाट्याच्या घड्याळाबरोबरच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की बटाट्यात वीज असते. एक तांब्याची पट्टी, एक जस्ताची पट्टी, दोन बटाटे, घड्याळ चालू. आठवीच्या एका मुलाने बटाट्याऐवजी लिंबू घेतलं, घड्याळ चाललं. मिठाच्या पाण्यात ओला केलेला कापूस घेतला, तरी चाललं. मग त्याने विचारलं, "वीज बटाट्यातली की पत्र्यातली?" उत्तर आहे पत्र्यातली. जस्त हळूहळू विरघळतं, वीज त्या क्रियेतून येते, बटाटा केवळ मधला रस पुरवतो. म्हणजे माहितीपत्रक खोटं बोलत होतं आणि हे शोधून काढलं १३ वर्षांच्या मुलाने.

मग खरोखर जीवातून वीज मिळते का, हा प्रश्न वर्गाने धरूनच ठेवला. मिळते. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठात एम. सी. पॉटर या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९११ मध्येच सूक्ष्मजीवांपासून विद्युतधारा मिळवून दाखवली होती. त्यासाठी लागणारा कच्चा माल आमच्या दारात आहे. ठाण्याची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ आहे, आणि आमच्या कोळी-आगरी मुलांसाठी ती त्याआधी कित्येक पिढ्यांपासून निवटी आणि खेकडे देणारी खाडी आहे. एका मुलाच्या वडिलांनी गावच्या जेट्टीजवळचा बादलीभर काळा चिखल आणून दिला. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, कारण त्यातल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन ते सल्फेटच्या माथी मारतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. काही जिवाणू मात्र इलेक्ट्रॉन थेट बाहेरच्या घन वस्तूला देऊ शकतात. त्यांना आपण कार्बनचं फेल्ट, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचं जाड कापड, दिलं की तीच आपली विजेरी.

लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरण्या घेतल्या. तळाला फेल्टचा तुकडा, वर वीतभर चिखल, त्यावर खाडीचं पाणी आणि पाण्यात दुसरा तुकडा. यात तांबं नाही, जस्त नाही, दोन्हीकडे एकच कार्बन. म्हणजे पत्र्यातून वीज आली असं कुणी म्हणू शकणार नाही. एका बरणीतला चिखल आधी चांगला उकळून घेतला. ही कल्पनाही मुलांचीच. हातमोजे, खिडक्या उघड्या, काम झालं की साबणाने हात धुणं, यात मी सूट दिली नाही. रोज मधल्या सुट्टीत मल्टिमीटर लावायचा आणि भिंतीवरच्या तक्त्यात आकडा लिहायचा. तिसऱ्या दिवशी ०.११ व्होल्ट. मध्ये रविवार. नवव्या दिवशी ०.४२. उकळलेल्या चिखलाचा आकडा शून्याच्या आसपास रेंगाळत राहिला. ज्याच्या वडिलांनी चिखल आणला होता तो दोन्ही आकड्यांकडे बघत म्हणाला, "बाई, चिखल जित्ता हाय!"

चार बरण्या एकापुढे एक जोडल्यावर एक जुनं डिजिटल मनगटी घड्याळ चालायला लागलं. एलईडी मात्र लागला नाही. एका गटाने फेल्टच्या चारही जोड्या एकाच टबात ठेवून पाहिल्या, तर व्होल्ट वाढेचनात, कारण टबातलं पाणीच सगळ्यांना आतून जोडून टाकत होतं. हे मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही ते त्याच दिवशी लख्ख कळलं. मी विज्ञानाची पदवीधर आहे, बी.एड. आहे. मला हे कुणी हाताने करायला लावलं नव्हतं.

जैव-अभियांत्रिकी हा शब्द ऐकला की परदेशी विद्यापीठ आणि महागडी यंत्रं डोळ्यांसमोर येतात. तसं नाही. लहानपणी बटणात दोरा ओवून आपण भिंगरी फिरवायचो. त्याच खेळण्याचा अभ्यास करून स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये कागदाची चकती बनवली, जी नुसत्या हाताने मिनिटाला १ लाख २५ हजार फेऱ्यांपर्यंत पोहोचते आणि दीड मिनिटात रक्तातून प्लाझ्मा वेगळा करते. किंमत अमेरिकी चलनात २० सेंट. आमच्या वर्गात रक्त वापरायचं नाही हा माझा नियम, म्हणून स्ट्रॉचा तुकडा मेणबत्तीवर बंद करून त्यात हळदीचं पाणी भरलं आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर चिकटवला. हळद बाहेरच्या टोकाला जाऊन बसली, आत स्वच्छ पाणी. आमच्या मुलींना शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. त्यातल्या एकीने विचारलं की आपलं रक्त कमी आहे हे असंच कळतं का. तिथून तांबड्या पेशींचं प्रमाण, हिमोग्लोबिन, गोळी उपाशीपोटी का घ्यायची नाही, असा विषय लांब गेला. त्यानंतर गोळ्या खिडकीबाहेर टाकणं बंद झालं. मी मोजमाप ठेवलेलं नाही, पण खिडकीखाली मला दिसलेल्या नाहीत.

आणखी एकच. सारख्या लांबीच्या दोन नळ्या, एकीची त्रिज्या दुसरीच्या निम्मी, वरून पाण्याचा दाब सारखा. बारीक नळीतून किती कमी पाणी येईल? निम्मं, असं बहुतेकांनी सांगितलं. हुशार मुलांनी पाव म्हटलं. सूत्रात त्रिज्येचा चौथा घात येतो, त्याप्रमाणे ते सोळावा भाग यायला हवं. आमच्याकडे बारावा भाग आला, आणि सोळावा का नाही यावर पुढची तासिका भांडणात गेली. ज्या मुलाच्या आजोबांची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली होती, तो त्या दिवशी घरी जाऊन आजोबांना समजावून आला की नळी जराशी अरुंद झाली तरी इतका त्रास का होतो.

महोदय, हे सगळं वाचून आपण म्हणाल की किटं तर आहेत, शिक्षिकाही करते आहे, मग अडचण काय?

अडचण रजिस्टरची आहे. किट आज शाळेची मालमत्ता म्हणून नोंदवलं जातं. फुटलं, झिजलं, हरवलं तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून वस्तू काढून टाकण्याचा, प्रस्ताव, समितीचा ठराव, वरची मंजुरी. एका तुटलेल्या पात्यासाठी एवढं कोण करणार? म्हणून शिक्षक ते पातं फिरूच देत नाहीत. तो आळस नाही, भीती आहे. मी स्वतः तीन वर्षं त्या भीतीत काढली. खडू संपतो म्हणून आपण खडूची मालमत्ता-नोंद करत नाही. यीस्ट, फेल्ट, बल्ब, नळ्या, दोरा, मोटर, हे सगळं खडूच्याच जातीचं आहे. ५६ मुलांनी हाताळलेलं जनित्र दोन वर्षांत झिजलं तर ते त्याचं काम करून झिजलं. एक साधा शासन निर्णय काढा: ठरावीक किमतीखालचं वर्गकिट हे उपभोग्य साहित्य समजलं जाईल, त्याची नोंद वापराच्या वहीत होईल, आणि तपासणीला येणारे अधिकारी किती शाबूत आहे हे न विचारता किती मुलांच्या हातून गेलं हे विचारतील. माझी मुख्य मागणी हीच आहे. बाकीच्या सगळ्या हिच्यामागून येतात.

किट भरून काढायला दरवर्षी वेगळे पैसे लागतील. समग्र शिक्षा योजनेत पटानुसार शाळेला संयुक्त अनुदान मिळतं हे मला माहीत आहे. पण त्याच पैशांत वीजबिल, स्वच्छता, दुरुस्ती सगळं बसवायचं असतं आणि ते आमच्यासारख्या खासगी अनुदानित शाळांना लागू नसतं. आमच्या वेतनेतर अनुदानातून प्रयोगशाळेच्या वाट्याला काय उरतं ते आपल्या विभागाला ठाऊक आहे. मल्टिमीटर, बल्ब आणि फेल्ट मी माझ्या पैशांतून आणले. मी आणू शकले. दिघ्याच्या टेकडीवरच्या शाळेतली कंत्राटी शिक्षिका कुठून आणेल?

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची शाळेतली प्रयोगशाळा, हिच्याबद्दलही लिहायला हवं, कारण दरवेळी तेच उत्तर मिळतं. २०१६ पासून केंद्राने हजारो शाळांना ती दिली, शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान आहे आणि जिथे मनापासून चालवली तिथे मुलांचं सोनं झालं आहे. पण त्यासाठी दीड हजार चौरस फूट जागा लागते. नवी मुंबईत आणि कळवा-मुंब्र्यात दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांना एक वर्ग मिळवायची मारामार आहे. त्यांना पेटीत मावणारं, सकाळच्या पाळीने वापरून दुपारच्या पाळीला देता येईल असं किट हवं. त्रिमितीय छपाईचं यंत्र नको, दहा हँडल हवीत.

आणि ते किट आमच्या पाठ्यपुस्तकाशी जुळलेलं हवं. आज येणाऱ्या खोक्यांतली माहितीपुस्तिका इंग्रजीत असते, कधी हिंदीत. 'जनित्र' हा शब्द बालभारतीने दिला, मुलं तो शिकली, आणि खोक्यावर तिसराच शब्द. पुस्तिका मराठीत हवी, त्यात काय चुकू शकतं तेही लिहिलेलं हवं. बटाट्यासारखी खोटी विधानं तर नकोतच. त्यासाठी लांब जायला नको. वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, ते १९७४ पासून हेच काम करतं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे, हाताने काम करत शिकण्याचा त्यांचा अनुभव चार दशकांचा आहे. राज्यात एकही किट खरेदी होण्याआधी ते अशा ठिकाणी आणि दहा-वीस साध्या शाळांतल्या मुलांच्या हातात एक सत्र राहू द्या. निविदेत सर्वात कमी दर कुणाचा हे त्यानंतर बघा.

शेजारच्या मध्य प्रदेशातला एक अनुभव आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली आणि तो कार्यक्रम तीस वर्षं चालला. तिथे नुसती पेटी दिली नव्हती. शिक्षकांचं प्रशिक्षण, त्यांच्या दरमहा बैठका आणि पुस्तक उघडं ठेवून देता येईल अशी परीक्षा, हे सगळं पेटीबरोबर होतं. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. आपल्याकडे केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदा दरमहा होतातच. त्यातली एक तरी परिषद भाषणाविना, हातात स्क्रूड्रायव्हर देऊन घ्या. शिक्षकाच्या हातून एकदा किट बिघडलं आणि त्यानेच ते दुरुस्त केलं की कुलपाची भीती निम्मी जाते.

परीक्षेचंही तसंच. दहावीला विज्ञानाचे २० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. मी तपासलेल्या कित्येक प्रयोगवह्यांत आकडे शब्दशः सारखे असतात, कारण ते एकाच जुन्या वहीतून उतरलेले असतात. आमच्या बारावा भाग आलेल्या नळीला त्या वहीत जागा नाही. तिथे सोळावाच लागतो. चुकलेला आकडा आणि तो का चुकला याचं उत्तर, यालाही गुण मिळतील अशी सूचना मंडळाने काढली तर मुलं खरं लिहायला लागतील.

शेवटी वेळेचं. निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून किटं मार्चमध्ये येतात. तेव्हा दहावीची परीक्षा चालू असते, मग सुट्टी, आणि जूनमध्ये खोकी उघडायची कुणाला आठवतही नाहीत. आमची शाळा जूनच्या मध्यावर उघडते. पाचवा धडा दिवाळीच्या आधी येतो. खरेदीचे आणि रजिस्टरचे आदेश या उन्हाळ्यात निघाले, तर या वर्षीच्या दहावीच्या हातात हँडल वेळेवर पडेल. यंदाचा पट ६१ आहे आणि माझ्याकडे चालू स्थितीतलं जनित्र एकच उरलं आहे. त्याच्या एका चाकाचे दोन दाते गेले आहेत.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका,
घणसोली, नवी मुंबई